सोसायटीने दुरुस्तीसाठी दोन लाख मागितले? आधी ठराव मागा

आमच्या लिफ्टमध्ये, आरशाच्या शेजारी, एका सकाळी कागद चिकटवलेला दिसला. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीकरिता प्रत्येक सदनिकेमागे रु. १,८५,००० तीन हप्त्यांत जमा करावेत. विलंब झाल्यास व्याज आकारले जाईल. आदेशावरून.' आदेश कोणाचा, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत निकालही लागला होता. 'नक्की कोणीतरी खाल्लंय.' संध्याकाळी पार्किंगमध्ये सेक्रेटरी भेटले, त्यांचं म्हणणं तयारच होतं. 'वहिनी, आम्ही फुकट राबतो आणि वर शिव्या खातो.' मी या दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे. दोन वर्षं खजिनदार होते, बाकी सगळी वर्षं नुसती पैसे भरणारी सभासद. त्यामुळे एवढं सांगू शकते की ही दोन्ही वाक्यं कितीही खरी असली तरी त्यांचा उपयोग शून्य. उपयोगाचा प्रश्न एकच: हा आकडा कोणत्या सभेच्या, कोणत्या ठरावातून आला?

पुढे जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालणाऱ्या सोसायट्यांसाठी. तुमच्या इमारतीचं 'अपार्टमेंट' असेल, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डिक्लरेशन (नोंदणीकृत घोषणापत्र) झालेलं असेल (पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत), तर खर्चाची वाटणी त्या डिक्लरेशनमध्ये प्रत्येक फ्लॅटपुढे लिहिलेल्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने होते. तिथे आधी तो दस्त काढून वाचा. ठराव, निविदा आणि मोजमाप यांबद्दलचं बाकी सगळं तुम्हालाही लागू पडेल.

रागाच्या भरात पैसे थांबवू नका

बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. 'हिशोब द्या, मग भरतो' असं म्हणून दरमहाचा मेंटेनन्सही बंद करतात. त्याने समितीचं काही बिघडत नाही, तुम्ही मात्र थकबाकीदार ठरता. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, थकीत रकमेवर सालाना २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं. थकबाकीदाराला समितीवर उभं राहता येत नाही. अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण घातलं गेलं, त्याखाली सोसायटी सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते आणि तो हातात आला की वसुली अधिकारी दारात येतो. शिवाय सभेत उभं राहून हिशोब विचारला की मागून आवाज येतोच, 'आधी स्वतःची बाकी भरा.'

मी असं करते: दरमहाचं बिल वेळेवर भरायचं, त्यावर वाद नाही. विशेष वर्गणीच्या मागे सर्वसाधारण सभेचा ठराव असेल, मग तो कितीही वाईट का असेना, तर पहिला हप्ता हरकत नोंदवून भरायचा. ठरावच नसेल तर भरण्याआधी लेखी विचारायचं. हरकतीचं पत्र लांबलचक लागत नाही. माझं हे असं होतं:

'मा. सचिव यांस, दुरुस्ती वर्गणीचा पहिला हप्ता सोबतच्या धनादेशाने भरीत आहे. सदर रकमेची आकारणी नोंदणीकृत उपविधींनुसार क्षेत्रफळाच्या प्रमाणात झालेली दिसत नाही. त्यामुळे ही रक्कम माझे सर्व हक्क राखून, हरकतीसह भरली आहे. आकारणी बदलल्यास जादा रक्कम पुढील देयकात वळती करावी. कृपया पोच द्यावी.'

दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरही टाका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नका. तिथे तुमचा मुद्दा रात्री साडेदहाला येतो आणि पावणेअकराला गुड नाइटच्या फुलांखाली गाडला जातो.

कोणते कागद मागायचे

सभासद या नात्याने सोसायटीचे उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभा आणि समितीच्या सभा यांची इतिवृत्तं, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज करायचा आणि ठरलेली फी भरायची. 'गोपनीय आहे' हे उत्तर इथे चालत नाही.

पण 'दुरुस्तीसंबंधी सर्व कागदपत्रे द्यावीत' असा अर्ज करू नका. असा अर्ज वर्षभर लोंबकळतो, कारण सगळं म्हणजे काय हे सेक्रेटरींनाही माहीत नसतं. नेमकं मागा: अमुक तारखेच्या सभेची सूचना, त्या सभेचं इतिवृत्त, उपस्थितीच्या सह्यांचं पान, स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल, आलेल्या निविदा आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता, सल्लागाराचं नेमणूक पत्र, कंत्राटदाराशी झालेला करारनामा, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि त्यांतल्या दोषांच्या पूर्ततेचा 'ओ' नमुना. शेवटची गोष्ट कोणी मागत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. लेखापरीक्षकाने दोन वर्षांपूर्वीच 'दुरुस्तीच्या खर्चास निविदा मागविल्या नाहीत' असा शेरा मारलेला असतो, आणि पूर्ततेत समितीने 'यापुढे काळजी घेऊ' असं लिहून दिलेलं असतं. सभेत वाचून दाखवायला यापेक्षा चांगलं काही मिळत नाही.

माहिती अधिकाराचं बरेच जण विचारतात. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून ती सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणून सोसायटीला थेट आरटीआय अर्ज टाकून उपयोग नाही. उपनिबंधक कार्यालय मात्र सरकारी आहे. तुमच्या सोसायटीने तिथे जे दाखल केलंय (मंजूर उपविधी, लेखापरीक्षण अहवाल, पत्रव्यवहार) ते त्या कार्यालयाकडून मागता येतं. मंजूर उपविधींची प्रत अनेक सोसायट्यांच्या कपाटात नसते. इंटरनेटवरचे आदर्श उपविधी वाचून भांडायला जाऊ नका. तुमच्या सोसायटीने नेमके कोणते आणि कधीचे स्वीकारलेत, त्यावर सगळं ठरतं.

आधीचा निधी गेला कुठे

प्रत्येक बिलात दोन रकमा वर्षानुवर्षं जात असतात, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम, किमान ०.२५ टक्के. सिंकिंग फंडात जमिनीची किंमत धरत नाहीत. समजा तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च आठ लाख धरला आहे. मग दुरुस्ती निधीचे वर्षाला ६,००० आणि सिंकिंगचे २,००० रुपये झाले. चाळीस फ्लॅटचे सिंकिंगचे वर्षाला ८०,०००, वीस वर्षांत सोळा लाख, व्याज वेगळं.

आता ताळेबंद उघडा. डावीकडे, देणी या बाजूला, सिंकिंग फंडापुढे एक आकडा असेल. उजवीकडे, मालमत्तेच्या बाजूला, गुंतवणुका या सदरात बँकेतल्या मुदत ठेवी असतील. दोन आकडे शेजारी ठेवा. डावीकडे सोळा लाख आणि उजवीकडच्या ठेवी चार लाख असतील तर बाकीचे बारा लाख कागदावर आहेत, बँकेत नाहीत. ते चोरीलाच गेले असं नाही. बहुधा ते वॉचमनच्या पगारात, पाण्याच्या टँकरमध्ये, पंपाच्या वाइंडिंगमध्ये खर्च झालेले असतात, कारण मेंटेनन्स अपुरा होता. आणि तो अपुरा का होता? मी खजिनदार असताना फ्लॅटमागे दीडशे रुपये वाढवायचा प्रस्ताव मांडला होता. तीन जणांनी उभं राहून विरोध केला आणि सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. आज एकदम जवळजवळ दोन लाख मागितले जातात, त्यात त्या टाळ्यांचाही वाटा आहे.

तरीही सिंकिंग फंड रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी, मजबुतीसाठी आवश्यक कामांसाठी किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. म्हणून मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मागताना समितीने आधी दाखवायला हवं की सिंकिंग फंडात किती आहे, त्यातले किती वापरणार आणि मग उरलेल्याची वर्गणी किती. लिफ्टमधल्या कागदावर ही वजाबाकी नसेल तर ती मागा.

बिल्डरची जबाबदारी संपली का?

इमारत नवी असेल तर हा भाग आधी वाचा. रेरा कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनात्मक दोष किंवा कामाच्या दर्जात उणीव दिसली आणि ती बिल्डरला कळवली, तर त्याने तीस दिवसांत पदरचे पैसे खर्चून ती दुरुस्त करायची असते. चौथ्या वर्षी गच्ची गळायला लागली आणि समितीने घाईने वॉटरप्रूफिंगची वर्गणी काढली, असं बघितलंय. घाई कशाला? आधी बिल्डरला लेखी नोटीस, फोटोंसह, तारखेसह. मुदत उलटू देऊन मग सभासदांकडून पैसे मागणाऱ्या समितीला हा प्रश्न भर सभेत विचारायलाच हवा.

ठराव वाचायचा कसा

समितीला स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती खर्च करता येतो याची मर्यादा उपविधींत सभासदसंख्येप्रमाणे दिलेली असते. ती मोठ्या दुरुस्तीच्या जवळपासही जात नाही. त्या मर्यादेपुढे सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी लागते. निविदा मागवायच्या, त्या सभेपुढे ठेवायच्या, सभेने मंजूर करायच्या आणि मग करार करायचा, असा क्रम आहे. काम सुरू करून नंतर 'कार्योत्तर मंजुरी' घेणं हा उलटा क्रम झाला. पाण्याचा पंप जळाला तर ते समजू शकतं, पण रंगकाम आणि प्लास्टरला कसली आणीबाणी?

इतिवृत्तात चार जागा बघा. पहिली, सभेची सूचना. वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवस, विशेष सभेला ५ पूर्ण दिवस आधी सूचना हवी. दुसरी, गणपूर्ती (कोरम): एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांत जे कमी ते. तिसरी, विषयपत्रिका. इथे गंमत असते. सत्तर लाखांचं काम 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीखाली मंजूर झालेलं सापडतं, म्हणजे निम्मे लोक चहा-समोसे घेऊन घरी गेल्यावर. विशेष सभेत तर सूचनेत नसलेला विषय घेताच येत नाही.

चौथी जागा ठरावाची भाषा. आमचा ठराव असा होता: 'इमारतीची दुरुस्ती करण्याचे व त्यासंबंधीचे सर्व अधिकार समितीला देण्याचे सर्वानुमते ठरले.' रक्कम नाही, कंत्राटदार नाही, दर नाही, वाटणी नाही. हा ठराव कोऱ्या धनादेशासारखा आहे. धड ठराव असा असतो: अमुक सल्लागाराच्या अमुक तारखेच्या अहवालानुसार, आलेल्या निविदांपैकी अमुक निविदा, जीएसटीसह एकूण इतक्या रकमेला मंजूर. त्यातले इतके सिंकिंग फंडातून, उरलेले सभासदांकडून चौरस फुटाला इतक्या दराने, इतक्या हप्त्यांत. मंजूर रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढ झाल्यास पुन्हा सभेची मंजुरी. सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती.

आणि 'सर्वानुमते' या शब्दावर लक्ष ठेवा. तुम्ही विरोध केला होता आणि इतिवृत्तात सर्वानुमते आलं, तर कच्चं इतिवृत्त हातात पडताच लेखी हरकत द्या. पुढच्या सभेत ते कायम झालं की दोन वर्षांनी 'मी तर तेव्हाच बोललो होतो' म्हणण्याला काही अर्थ राहत नाही. सभेत हात वर करून सरळ म्हणायचं, 'काका, माझा विरोध नावानिशी नोंदवा.' इतकंच. आवाज चढवायची गरज नाही.

वाटणी: सगळ्यांना सारखी की क्षेत्रफळाप्रमाणे?

मला विचाराल तर सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि त्या बहुतेक वेळा लबाडीतून नव्हे, आळसातून होतात. भागाकार सोपा पडतो म्हणून.

आदर्श उपविधींमध्ये प्रत्येक खर्चाची वाटणी वेगळी आहे. वॉचमन, सफाई, कार्यालय यांसारखे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. लिफ्टचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांना सारखा, वापर करा न करा. म्हणजे तळमजल्यावरच्या आजोबांचा 'मी कधी चढलोच नाही' हा युक्तिवाद चालत नाही. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. पण मोठ्या दुरुस्तीच्या निधीची वर्गणी सभा ठरवेल त्या दराने, क्षेत्रफळाच्या आधारावर.

आमचंच गणित मांडते. चाळीस फ्लॅट. त्यांतले चोवीस ४०० चौरस फुटांचे, सोळा ६५० चौरस फुटांचे. एकूण क्षेत्र २०,००० चौरस फूट. फ्लॅटमागे १,८५,००० म्हणजे काम ७४ लाखांचं. ते क्षेत्रफळावर वाटलं तर दर चौरस फुटाला ३७० रुपये. मग लहान फ्लॅटला १,४८,००० येतात आणि मोठ्याला २,४०,५००. म्हणजे मागच्या विंगमधलं प्रत्येक लहान घर ३७,००० रुपये जास्त भरत होतं, पुढच्या मोठ्या घरांसाठी. समितीतले बहुतेक जण पुढच्या विंगमध्ये राहायचे. मी काही म्हणत नाही, नुसतं गणित सांगते.

कामाचा कोणता भाग सोसायटीने करायचा आणि कोणता तुम्ही, हेही बघा. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, जिने, सामायिक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, टाक्या, पावसाच्या पाण्याची गळती, सगळ्या फ्लॅटच्या छताची रचनात्मक दुरुस्ती, हे सोसायटीकडे. गच्चीतून गळून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीकडे. तुमच्या बाथरूमची फरशी आणि आतला नळ तुमच्याकडे. ग्रिल बाहेर काढून बाल्कनी घरात घेतली असेल आणि तिथली भिंत फुगली असेल, तर मात्र सोसायटीकडे बोट दाखवू नका.

पैसे मुरतात ते मोजमापात

लोक दरावर भांडतात, 'चौरस फुटाला एवढे कसे?' दर क्वचितच खोटा असतो. पाणी मुरतं परिमाणात.

स्ट्रक्चरल दुरुस्तीच्या निविदेत प्रत्येक कामाचं अंदाजी माप असतं. समजा पॉलिमर मॉर्टरने खांब-तुळयांची दुरुस्ती २,००० चौरस फूट. हा अंदाज असतो, कारण प्लास्टर फोडल्याशिवाय आतली सळई किती गंजली ते कळत नाही. सल्लागार हातोडीने टकटक करून पोकळ आवाज येतो तिथे खडूने चौकोन आखतो. मग कंत्राटदार फोडतो, आणि शेवटच्या बिलात तेच माप ५,२०० होतं. दर तोच, निविदा तीच, ठराव तोच, बिल अडीचपट. हे प्रामाणिकपणेही होऊ शकतं. जुनी, समुद्राजवळची इमारत असेल तर होतंच. म्हणून प्रश्न 'वाढलं का' हा नाही, 'वाढलेलं कोणी मोजलं' हा आहे.

याला उपाय साधा आहे आणि फुकट आहे. समितीबाहेरचे दोन सभासद मोजमापाला हजर ठेवा. आमच्याकडे एक निवृत्त ओव्हरसियर होते आणि मागच्या विंगमधल्या एक शिक्षिका. प्रत्येक खडूच्या चौकोनात फ्लॅट नंबर आणि तारीख लिहून फोटो घ्यायचा, माप वहीत लिहून कंत्राटदाराची, सल्लागाराची आणि त्या दोघांची सही. फोडल्यावर पुन्हा फोटो, सळई साफ करून गंजरोधक लावल्यावर पुन्हा. पहिल्या आठवड्यात कंत्राटदाराचा माणूस वैतागला. तिसऱ्या आठवड्यात तोच शिक्षिकाबाईंना हाका मारायला लागला, कारण सह्या झालेलं बिल अडत नाही हे त्याला समजलं.

करारनाम्यात आणखी थोडं बघा. सल्लागाराची फी बिलाच्या टक्केवारीत ठेवली असेल तर बिल वाढलं की त्याची फीही वाढते, तेव्हा ठोक रक्कम किंवा कमाल मर्यादा घाला. आगाऊ रक्कम थोडी आणि तीही पुढच्या रनिंग बिलांतून (काम चालू असताना येणाऱ्या बिलांतून) कापून घ्यायची. प्रत्येक बिलातून पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम राखून ठेवायची आणि ती एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्यायची. दिवाळीआधी काम संपलं म्हणून दिवाळीलाच सगळे पैसे देऊन टाकले तर जूनमध्ये फोन कोण उचलणार? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून दोन दिवस ठेवायची चाचणी, आणि हमी स्टॅम्प पेपरवर. दर जीएसटीसह की वगळून, हे स्पष्ट. टीडीएस कापला जातोय ना, एवढं खजिनदाराला विचारा.

स्ट्रक्चरल ऑडिट केलेला माणूस आणि कंत्राटदार एकमेकांच्या खिशातले आहेत का, हे कागदावर दिसत नाही. पण ऑडिट अहवालात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कार्बोनेशन, कोअर अशा चाचण्यांचे प्रत्यक्ष आकडे आहेत की नुसते भेगांचे रंगीत फोटो, हे दिसतं. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. मागचा अहवाल मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. इमारत सी-१ वर्गात गेली असेल, म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, तर दुरुस्तीवर लाखो घालण्यात अर्थ नाही. आणि पुनर्विकासाची बोलणी एकीकडे सुरू असताना दुसरीकडे रंगासकट पूर्ण दुरुस्ती निघाली, तर त्यामागचं कारण सभेतच विचारा.

समिती ऐकतच नसेल तर

एक-पंचमांश सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करा. चाळीस सभासदांत आठ सह्या. मागणीत विषय नेमका लिहा: 'दुरुस्ती वर्गणीची आकारणी क्षेत्रफळानुसार बदलणे, आणि मोजमापासाठी समितीबाहेरील दोन सभासदांची नियुक्ती.' समितीने महिन्याच्या आत सभा बोलवायची असते. 'भ्रष्टाचारावर चर्चा' असा विषय लिहिलात तर सभा भांडणात संपेल आणि हाती ठराव येणार नाही. आठ सह्या गोळा करताना मात्र खरं काय ते कळतं. ग्रुपवर अंगठे दाखवणारे पंधरा असतात, दार वाजवून पेन पुढे केलं की 'आमचे हे घरी नाहीत' असं ऐकू येतं.

त्यानंतर दोन वेगळी दारं आहेत आणि लोक हमखास चुकीचं ठोठावतात. कागद देत नाहीत, सभा घेत नाहीत, लेखापरीक्षण झालेलं नाही, दोषांची पूर्तता केली नाही, यासाठी उपनिबंधक. एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावर कलम ८३ खाली चौकशी होऊ शकते, आणि तिच्यात सोसायटीचं नुकसान झाल्याचं निघालं तर कलम ८८ खाली जबाबदार व्यक्तींकडून ते वसूल करता येतं. उपविधींतही समिती सदस्यांची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक अशी दोन्ही धरलेली आहे. 'मी नुसता सही करायला होतो' याला फारसा आधार नाही. तुम्ही समितीवर असाल आणि निर्णय पटला नसेल तर तुमचाही विरोध त्याच दिवशी इतिवृत्तात यायला हवा.

दुसरं दार सहकार न्यायालयाचं. ठराव वैध आहे का, वर्गणीची आकारणी बरोबर आहे का, असा वाद कलम ९१ खाली तिथे जातो, उपनिबंधकांकडे नाही. वकील लागतो, वेळ लागतो. पोलिसांकडे जायचं ते खोटी बिलं, खोट्या सह्या असा ठोस पुरावा असेल तरच. अंदाजपत्रक जास्त वाटतं एवढ्यावर गुन्हा होत नाही, आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं ते वेगळंच.

न्यायालयात जाल तर आकड्याला आव्हान द्या, दुरुस्तीला नको. धोकादायक सज्जा लटकतोय, महापालिकेची नोटीस आलीय आणि आपण कामालाच स्थगिती मागतोय, असं करू नका. खालून शाळेची मुलं जातात.

आमची विशेष सभा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली, तीन तास चालली. आकारणी क्षेत्रफळावर गेली, पुढच्या विंगमधले दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत. काम संपलंय. राखून ठेवलेली रक्कम अजून सोसायटीच्या खात्यात आहे, कारण मागच्या विंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ओल आली आहे. कंत्राटदार म्हणतो ती घरातल्या नळाची, घरातले म्हणतात सामायिक पाइपाची. शनिवारी सकाळी त्या घराचा वॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून भिंत सुकते का ते बघणार आहोत. वही आणि खडू शिक्षिकाबाईंकडेच आहेत.